रात्रपाळीचे दात

"सकाळी आणि रात्री दात घासा." आम्ही दंतवैद्य हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो आहोत आणि ते चुकीचं नाही. पण चाकणच्या एमआयडीसीत ते लागू पडत नाही. इथला माणूस एका आठवड्यात पहाटे पाचला उठतो, दुसऱ्या आठवड्यात रात्री एकला जेवतो आणि तिसऱ्या आठवड्यात सकाळी नऊला खिडकीवर चादर टांगून झोपतो. त्याची सकाळ कोणती आणि रात्र कोणती, हे शिफ्ट बदलली की बदलतं. दातांबद्दल सल्ला देणाऱ्याने आधी एवढं समजून घेतलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

माझा दवाखाना चाकण-तळेगाव रस्त्यालगत आहे. पेशंट म्हाळुंगे, खराबवाडी, खालुंब्रे, निघोजे या भागातून येतात. बरेचसे लातूर, नांदेड, बीड, बुलढाण्याकडचे, काही बिहार-ओडिशाचे. कुणी ट्रेनी, कुणी ठेक्यावर. तक्रार जवळजवळ ठरलेली असते. दाढ ठणकते, दोन रात्री डोळ्याला डोळा नाही, मेडिकलमधून गोळ्या आणून खाल्ल्या, आता गोळीनेही थांबत नाही. मागणीही ठरलेली असते. "मॅडम, काढूनच टाका. सुट्टी मिळत नाही." रूट कॅनॉलला तीनदा यावं लागेल म्हटलं की पोरगा मनातल्या मनात बुडालेल्या रोजाचा हिशेब करतो आणि मान हलवतो. पंचविशीतल्या माणसाची चावायची मुख्य दाढ मी काढून हातात देते, तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. त्या दाढेने अजून चाळीस-पन्नास वर्षं काम केलं असतं.

मी प्रत्येकाला विचारते, दात कधी घासतोस? "रोज घासतो की, मॅडम. उठल्या उठल्या." तो खोटं बोलत नाही. मग मी त्याला थर्ड शिफ्टच्या दिवसाची पूर्ण हकीकत सांगायला लावते. रात्री दोन-अडीचला कँटीनचा चहा, सोबत बिस्किटं. पहाटे डोळे मिटायला लागले की तंबाखूची चिमूट. सकाळी बसमधून उतरल्यावर नाक्यावर पोहे आणि पुन्हा गोड चहा. खोलीवर येऊन कपडे बदलले की सरळ अंथरुणात. दुपारी तीन-चारला उठल्यावर ब्रश. म्हणजे रात्रभर खाल्लेल्या गोडाचा थर दातांवर तसाच ठेवून तो सहा-सात तास झोपलेला असतो.

झोपेत नेमकं काय होतं, हे सांगितल्याशिवाय माझा मुद्दा पटणार नाही. लाळ ही दातांची खरी राखणदार. दिवसभरात अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती आम्ल धुऊन काढते आणि दातातून झिजून गेलेलं कॅल्शियम काही प्रमाणात परत भरते. झोपेत मात्र ती जवळजवळ आटते. बाहेर उजेड आहे की अंधार, याच्याशी त्याचा फारसा संबंध नसतो. माणूस झोपला की तोंड कोरडं पडतं. अशा तोंडात साखर आणि पिठाचा थर राहिला तर जंतूंना रान मोकळं मिळतं. साखर पोटात गेली की संपलं, असं लोकांना वाटतं. पण गोड खाल्ल्यावर काही मिनिटांतच दातांवरच्या थराचा सामू घसरतो आणि तो पूर्वपदावर यायला अर्धा तास ते तासभर लागतो, हे अमेरिकेत रॉबर्ट स्टीफन यांनी 1940 च्या दशकात मोजून दाखवलं. सामू साधारण साडेपाचच्या खाली गेला की दाताचं कवच विरघळायला लागतं. म्हणून किती साखर खाल्ली यापेक्षा ती दिवसात किती वेळा तोंडात गेली, हे जास्त महत्त्वाचं ठरतं. स्वीडनमध्ये विपेहोम इथे बौद्धिक अक्षमता असलेल्या लोकांच्या संस्थेत 1945 पासून याचे प्रयोग झाले. दोन जेवणांच्या मध्ये चिकट टॉफी देत राहिल्यावर दात झपाट्याने किडले. ज्यांना धड नाही म्हणता येत नव्हतं त्यांच्यावर असे प्रयोग करणं क्रूर होतं आणि आज कुणी ते करू देणार नाही. पण त्यांच्या दातांची किंमत मोजून जगाला कळलेली ही गोष्ट आपण वाया घालवू नये.

म्हणून माझ्या पेशंटना मी घड्याळातली वेळ सांगत नाही. मी सांगते, शेवटचं खाणं झालं की झोपायच्या आधी दात घास. मग सकाळचे नऊ वाजलेले असोत की रात्रीचा दीड. त्यानंतर पाण्याशिवाय काहीही तोंडात घालायचं नाही. दुसऱ्यांदा ब्रश उठल्यावर कर किंवा शिफ्टला निघण्याआधी, जसं जमेल तसं. दोन्ही वेळा जमलं तर उत्तमच. पण दमून आलेल्या माणसाला एकदाच नीट जमणार असेल, तर ती वेळ झोपण्याआधीची असू दे.

माझे वडील पिंपरीच्या एका कारखान्यात टर्नर होते. पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स 1954 मध्ये उभी राहिली, साठच्या दशकात एमआयडीसी आली, आकुर्डीत बजाज आणि पिंपरीत टेल्को आली, आणि कोल्हापूर-साताऱ्यापासून मराठवाड्यापर्यंतची तरुण पोरं इथे येऊन तीन पाळ्यांत आयुष्य काढू लागली. वडील त्यांतलेच. सेकंड शिफ्टहून ते मध्यरात्रीनंतर यायचे, आई भाकरी गरम करून वाढायची, आणि जेवण झाल्यावर ते मोरीत उभं राहून सावकाश दात घासायचे. आम्हा मुलांची झोप त्या आवाजाने चाळवायची. ही सवय त्यांना कुणी लावली, ते मला माहीत नाही. पंच्याहत्तरी ओलांडली तरी ते स्वतःच्या दातांनी ऊस खात होते.

आईचं मात्र वेगळं होतं. ती मशेरी लावायची. खेड तालुक्यात, जुन्नर-आंबेगावात, मावळात आजही साठीच्या पुढच्या अनेक बायका सकाळी मशेरीचं बोट फिरवल्याशिवाय चुलीपुढे बसत नाहीत. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटून डबीत भरायची, आणि दात घासण्याच्या नावाने हिरड्यांना चोळायची. याने दात घासले जात नाहीत, तंबाखू हिरडीतून रक्तात जाते आणि तिची लत लागते. मशेरी सोडल्यावर डोकं दुखतं, शौचाला होत नाही, असं बायका सांगतात, ते त्या लतीमुळेच. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्याच्या खेड्यांत फिरून 1,01,761 माणसांची तोंडं तपासली होती. तो अभ्यास 1972 मध्ये प्रसिद्ध झाला. तोंडाचा कर्करोग आणि त्याआधी उमटणारे पांढरे-लाल चट्टे यांवरचं ते काम जगभर ओळखलं जातं, आणि ते आपल्याच जिल्ह्यातल्या माणसांच्या तोंडांवर उभं आहे. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला केंद्र सरकारने 1992 मध्ये बंदी घातली. पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीपर्यंत तो कायदा पोहोचत नाही. तिथे सुनेने सासूला आणि नातीने आजीला प्रेमाने सांगावं लागतं. एकदम सोडवत नसेल तर आधी दिवसातली एक वेळ कमी करा, असं मी सांगते. आणि जिला मशेरी लावल्याशिवाय दात स्वच्छ वाटत नाहीत, तिच्या हातात मऊ ब्रश द्या आणि पहिले काही दिवस शेजारी उभ्या राहा.

पोरांची तंबाखू वेगळ्या कारणाने सुरू होते. गावाकडे विड्याला न शिवलेला मुलगा इथे येऊन सहा महिन्यांत बार भरायला शिकतो, कारण पहाटे चारला मशीनपुढे झोप आवरत नाही आणि सुपरवायझर डुलकी खपवून घेत नाही. हे समजून न घेता नुसतं "तंबाखू वाईट" म्हणून उपयोग नाही. राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, तरी पुड्यांचा वास माझ्या खुर्चीवर बसलेल्यांच्या तोंडाला येतो. अशा प्रत्येकाला मी एक गोष्ट करायला लावते, ती वाचकांनीही आरशासमोर करून बघावी. तोंड पूर्ण उघडा आणि स्वतःच्याच हाताची तीन बोटं एकावर एक ठेवून उभी आत घाला. तीन बोटं मावत नसतील, तिखट सहन होत नसेल, गालाची आतली बाजू ताठ आणि पांढुरकी लागत असेल, तर दाखवायला उशीर करू नका. सुपारी आणि गुटख्याने तोंड आक्रसत जाण्याचा हा आजार पुढे कर्करोगाकडे वळू शकतो. एकदा ताठ झालेला गाल पूर्वीसारखा होत नाही, पण खाणं थांबवलं तर पुढचं नुकसान बरंच टळतं. दोन आठवड्यांत न भरणारी कोणतीही जखम किंवा चट्टा, दुखत नसला तरी, दाखवावा.

झोप घालवण्याचा दुसरा उपाय म्हणजे वीस रुपयांची एनर्जी ड्रिंकची बाटली. ती अर्धी शिफ्टच्या सुरुवातीला आणि अर्धी घोट-घोट पहाटेपर्यंत पुरवायची, अशी पद्धत आहे. साखरही आहे आणि आम्लही, आणि प्रत्येक घोटाला दातांवरचं आम्ल नव्याने वाढतं. प्यायचीच असेल तर एका बैठकीत संपवा आणि वरून साध्या पाण्याने चूळ भरा. लगेच ब्रश मात्र नको. आम्लाने मऊ झालेलं कवच घासलं जातं, म्हणून अर्धा तास जाऊ द्या.

आता ब्रशचं. दुकानात "हार्ड" लिहिलेला ब्रश उचलू नका, मऊ घ्या. जोर लावून आडवे घासल्याने हिरडी वर सरकते आणि दाताच्या मानेशी खाच पडते. मग थंड पाणी लागलं की दात शिवशिवतात. राख, कोळशाची भुकटी, मीठ, खरखरीत लाल मंजन यांनीही हेच होतं. दात आणि हिरडी जिथे मिळतात तिथे ब्रश तिरका टेकवायचा, हळू गोल फिरवायचा, आतली बाजू विसरायची नाही. दोन मिनिटं पुरेत. दोन दातांच्या फटीत ब्रश जात नाही, तिथे फ्लॉसचा धागा फिरवावा. सेफ्टी पिन आणि तारेचा तुकडा नको. कारखान्यात काम करणारे हात सहज तार उचलतात, म्हणून मुद्दाम सांगते.

पेस्ट महागडी असण्याची गरज नाही, तिच्यात फ्लोराइड असण्याची आहे. आपल्याकडे पेस्टमध्ये 1000 पीपीएमपर्यंत फ्लोराइडला परवानगी आहे. ट्यूब उलटी करून बारीक अक्षरं वाचा. वनस्पतींच्या नावाने विकल्या जाणाऱ्या बऱ्याच पेस्ट आणि मंजनांत ते नसतं. लवंग, कडुनिंब, बाभूळ यांच्याबद्दल माझ्या मनात आकस नाही, लवंगेच्या तेलाने ठणका तात्पुरता शांत होतो हेही खरं. पण कीड रोखण्याचं काम फ्लोराइड करतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये फ्लोराइड असलेल्या टूथपेस्टचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला, ते याचसाठी.

ब्रश झाल्यावर फेस थुंकून टाका आणि तिथेच थांबा. तांब्याभर पाण्याने खळखळून चूळ भरली की फ्लोराइड मोरीत वाहून जातं. पिंपरी-चिंचवडमध्ये 2019 च्या अखेरीपासून एक दिवसाआड पाणी येतं, आणि चाकणच्या आसपासच्या चाळींमध्ये सहा-सहा जणांच्या खोलीला दोन पिंप पाणी असतं. "पाणीच नव्हतं" हे न घासण्याचं कारण मी खूप वेळा ऐकलं आहे. झोपण्याआधीच्या ब्रशला अर्धा पेला पाणी पुरतं. सहा जणांचे ब्रश एका मगात तोंडाला तोंड लावून ठेवू नका आणि दुसऱ्याचा ब्रश कधीही वापरू नका.

हिरडीतून रक्त येतं म्हणून त्या बाजूला ब्रश लावत नाही, असं सांगणारे खूप भेटतात. नेमकं त्याच जागी हळुवार घासायला हवं असतं. साठलेल्या थराने हिरडी सुजलेली असते आणि तो थर निघाला की काही दिवसांत रक्त थांबू लागतं. नाही थांबलं तर दातांवर किटण बसलं आहे, ते घरी निघत नाही. "सफाई केली की दात हलतात" हा समज तर मला दररोज खोडावा लागतो. दात किटणाने आणि हिरडीच्या आजाराने आधीच हललेले असतात. किटण काढल्यावर ते जाणवतं इतकंच. मधुमेह असणाऱ्यांनी इथे दुप्पट सावध राहावं. साखर वाढली की हिरड्या बिघडतात, आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात राहणं अवघड होतं.

एक गोष्ट आईबापांसाठी, आणि ती मला फार जवळची आहे. सहाव्या वर्षाच्या आसपास मुलाच्या सगळ्यात मागच्या बाजूला एक नवी दाढ येते. ती कोणताही दुधाचा दात पाडून येत नाही, त्यामुळे घरात कुणाला कळत नाही. सगळे तिला दुधाची समजतात आणि "पडेलच की" म्हणून सोडून देतात. ती पक्की दाढ असते आणि आयुष्यभर पुरायची असते. आई-वडील दोघंही शिफ्टला जाणाऱ्या घरांत मूल शेजारणीकडे किंवा मोठ्या बहिणीकडे असतं, हातात बिस्किटाचा पुडा असतो, आणि आठव्या वर्षी ती दाढ पोखरलेली माझ्यासमोर येते. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाच्या हातात ब्रश देऊन भागत नाही, मोठ्या माणसाने फिरवावा लागतो. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, त्यापुढे वाटाण्याएवढी. आणि बाळाला दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवू नका. आई थर्ड शिफ्टला जाणार असेल तर जाण्याआधी मुलाचे दात तिने घासावेत, किंवा बापाने. बापाने घासले तर मला जास्त आनंद होईल.

सगळा भार कामगाराच्या आणि त्याच्या बायकोच्या माथी मारून मी थांबणार नाही. 1948 च्या कारखाना कायद्यानेच हातपाय धुण्याची सोय आणि अडीचशेहून अधिक कामगार असतील तिथे कँटीन या गोष्टी मालकांवर बंधनकारक केल्या. त्या बेसिनपाशी खाल्ल्यानंतर दोन मिनिटं थांबून चूळ भरायला मोकळीक असावी. रात्रीच्या चहात साखर वेगळी द्यावी, बिस्किटांऐवजी शेंगदाणे-फुटाणे ठेवावेत. वार्षिक तपासणीत उंची, वजन, रक्तदाब, डोळे, कान बघतात. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी फार थोडे सांगतात की कुणी तोंडात टॉर्च मारून पाहिलं. त्याला एक मिनिट लागतं, आणि तीन बोटांच्या चाचणीला तेवढंही नाही. भोसरीतल्या प्लेटिंगच्या शॉपमध्ये किंवा बॅटरीच्या कामावर आम्लाच्या वाफेत उभ्या राहणाऱ्यांचे पुढचे दात झिजतात. त्यांची तपासणी तर दर सहा महिन्यांनी व्हायला हवी.

सरकारी बाजूही कमी नाही. चिंचवडला मोहननगरमध्ये ईएसआयचं रुग्णालय आहे, पिंपरीत महापालिकेचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे, डॉ. डी. वाय. पाटील दंत महाविद्यालय आहे, चाकणला ग्रामीण रुग्णालय आहे. या पट्ट्यात आठवड्यातून दोनदा तरी संध्याकाळची दंत ओपीडी सुरू झाली तर फर्स्ट शिफ्ट सुटलेला माणूस रोज न बुडवता येऊ शकेल. राज्य सरकारने 2023 मध्ये सचिन तेंडुलकरला सोबत घेऊन स्वच्छ मुख अभियान सुरू केलं. जगात साडेतीनशे कोटींहून अधिक लोकांना तोंडाचे आजार आहेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, तेव्हा अशी मोहीम हवीच. माझी विनंती इतकीच, की तिच्या एका फलकावर रात्रपाळीचा माणूस असावा आणि तो एमआयडीसीच्या बसथांब्यावर लागावा.

शिफ्ट सुरू होताना टूलबॉक्स टॉक होतो. हेल्मेट, हातमोजे, बूट यांची उजळणी होते. त्यात महिन्यातून एकदा पाच मिनिटं दातांना द्या. चाकण, म्हाळुंगे, भोसरी, कुठल्याही कंपनीच्या माणसांनी बोलावलं तर मी येईन, पैसे घेणार नाही. फक्त वेळ शिफ्ट बदलण्याची ठेवा, म्हणजे घरी जाणारे आणि कामावर येणारे दोघंही भेटतील. रात्री बाराची असली तरी चालेल.